गेमिंग कॉम्प्युटरचा आवाज: घरी कसा तपासावा आणि कानांसाठी त्याचा अर्थ काय

दुकानात जोडून, चाचणी घेऊन, खोक्यात बंद करून मिळणारा गेमिंग कॉम्प्युटर, ज्याला दुकानदार प्रीबिल्ट पीसी म्हणतात, घरी आला की पहिले काही दिवस त्याच्या रंगीत दिव्यांचे कौतुक होते. मग घरातल्या कोणाच्या तरी लक्षात येते, की मुलगा खेळायला बसला की खोलीत एकसारखी घरघर सुरू होते. हा आवाज नेहमीचा आहे की बिघाडाचा? रोज तीन-चार तास त्यात बसल्याने कानांवर परिणाम होईल का? त्याच खोलीत झोपणाऱ्या आजीचे काय?

कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे हे प्रश्न आता नेहमी येतात. थोडक्यात उत्तर असे: कॉम्प्युटरच्या पंख्यांचा आवाज थेट कान खराब करण्याइतका मोठा नसतो. काळजी करायची ती त्या आवाजावर मात करण्यासाठी वाढवलेल्या हेडफोनच्या आवाजाची आणि मोडलेल्या झोपेची. त्यामुळे मीटरवरचा आकडा पाहणे ही अर्धी तपासणी झाली. तो आवाज तुम्हाला किंवा तुमच्या मुलाला काय करायला लावतो, ही उरलेली अर्धी. दोन्ही घरी करता येतात आणि त्यासाठी काही विकत आणावे लागत नाही.

आवाज येतो कुठून?

कॉम्प्युटरने खेचलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णतेत बदलते. गेम चालू असताना मोठे ग्राफिक्स कार्ड एकटेच ३०० वॉटच्या आसपास वीज घेऊ शकते. ही उष्णता बाहेर फेकण्यासाठी कॅबिनेटचे पंखे, प्रोसेसरवरचा पंखा, ग्राफिक्स कार्डाचे दोन-तीन पंखे आणि पॉवर सप्लायचा पंखा असे सहा-आठ पंखे एकाच डब्यात फिरत असतात.

पंख्याचा आवाज त्याच्या वेगावर फार अवलंबून असतो. वेग निम्मा केला तर आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. म्हणूनच १४० मिलिमीटरचा मोठा पंखा सावकाश फिरून जेवढी हवा शांतपणे ढकलतो, तेवढीच हवा ढकलायला लहान पंख्याला किंचाळावे लागते. तयार कॉम्प्युटरमध्ये अनेकदा पैसा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डावर खर्च होतो, कारण जाहिरातीत तेच दिसते. काटकसर होते ती कूलरमध्ये, पंख्यांमध्ये आणि हवा येण्याच्या जाळीत. काचेचे बंद तोंड असलेला कॅबिनेट दिसायला सुंदर असतो, पण हवा कुठून घ्यायची हा प्रश्न पंख्यांपुढे उरतोच.

हवेच्या घोंघावण्याशिवाय आणखी दोन आवाज ओळखायला शिका. एक म्हणजे पंख्याचा सूर. पात्यांची संख्या गुणिले दर मिनिटाचे फेरे, भागिले ६०, एवढ्या हर्ट्झवर हा सूर असतो. ९ पात्यांचा पंखा मिनिटाला २००० फेरे घेत असेल तर ३०० हर्ट्झ. एकसारखा सूर तेवढ्याच डेसिबलच्या मोकळ्या फुसफुशीपेक्षा जास्त त्रास देतो.

दुसरा आवाज म्हणजे बारीक शिट्टी किंवा किरकिर, ज्याला कॉइल व्हाइन म्हणतात. ग्राफिक्स कार्ड किंवा पॉवर सप्लायमधली तारेची वेटोळी विजेच्या झपाट्याने बदलणाऱ्या प्रवाहाने थरथरतात, त्याचा हा आवाज. गेमच्या मेनूमध्ये फ्रेम रेट शेकड्यांत गेला की तो विशेष ऐकू येतो. यावरून घरात मजेशीर वाद होतात. मुलगी म्हणते शिट्टी वाजते, बाबा म्हणतात काही वाजत नाही, आणि दोघेही खरे बोलत असतात. वय वाढते तशी उंच स्वरांची श्रवणशक्ती आधी कमी होते. त्यामुळे पन्नाशीतल्या माणसाला न ऐकू येणारा आवाज बारा वर्षांच्या मुलीला स्पष्ट ऐकू येऊ शकतो. तपासणी करताना घरातला सर्वांत लहान कान सोबत घ्या.

डेसिबल वाचताना

डेसिबल हे साध्या पट्टीसारखे मोजमाप नाही. ३ डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, १० डेसिबल वाढले की दहापट. कानाला मात्र १० डेसिबलची वाढ साधारण दुप्पट मोठा आवाज अशी जाणवते. एकसारखे दोन पंखे एका पंख्यापेक्षा ३ डेसिबलने मोठे असतात, चार पंखे ६ डेसिबलने. म्हणून खोक्यावर एका पंख्याचा आकडा छापलेला असेल तर तो तुमच्या कॉम्प्युटरचा आकडा नव्हे.

अंतरही महत्त्वाचे आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने घटतो. अर्ध्या मीटरवरून मोजलेला कॉम्प्युटर आणि एक मीटरवरून मोजलेला कॉम्प्युटर यांची तुलना होऊ शकत नाही. ज्या परीक्षणात अंतर लिहिलेले नाही, तो आकडा सोडून द्या. आपल्या घरांत आणखी एक अडचण असते. फरशी, उघड्या भिंती, काचेच्या खिडक्या यांवरून आवाज परत फिरतो, त्यामुळे लांब गेल्यावरही तो अपेक्षेइतका कमी होत नाही. तोच कॉम्प्युटर गाद्या-उशा, पडदे आणि कपड्यांचे कपाट असलेल्या खोलीत जरा सौम्य वाटतो.

मीटरवर किंवा ॲपवर डीबीए असे लिहिलेले दिसेल. यात माणसाच्या कानाप्रमाणे कमी कंपनांच्या आवाजाला कमी वजन दिले जाते. १०० हर्ट्झचा आवाज या मोजणीत सुमारे १९ डेसिबलने कमी धरला जातो. टेबलाला हादरवणारी घूं-घूं मीटरवर फारशी दिसत नाही आणि तरीही डोके उठवते, त्याचे हे एक कारण. आकडा चांगला असूनही घरातला माणूस तक्रार करत असेल तर त्याला खोटे पाडू नका.

फोनने मोजता येईल का?

तुलनेसाठी हो, प्रमाणपत्रासाठी नाही. अमेरिकेतील कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या नायॉश या सरकारी संस्थेचे ध्वनी मोजण्याचे मोफत ॲप आयफोनसाठी आहे आणि ते बऱ्यापैकी विश्वासार्ह आहे. अँड्रॉइड फोनमध्ये माइक कंपनीगणिक वेगळे असल्याने एकाच खोलीत दोन फोन पाच-सात डेसिबलचा फरक सहज दाखवतात. शिवाय फोनचा माइक जवळून बोलणाऱ्या माणसासाठी बनवलेला असतो. ३५ डेसिबलच्या खालच्या आकड्यावर विसंबू नका.

यावर सोपा तोडगा असा, की फोन, ॲप आणि जागा तीच ठेवायची आणि आकड्यांमधला फरक बघायचा. फोन चुकत असला तरी तो दर वेळी साधारण तेवढाच चुकतो. ॲपमध्ये ए-वेटिंग निवडा आणि क्षणाक्षणाला नाचणाऱ्या आकड्याऐवजी एका मिनिटाची सरासरी घ्या. फोनचे कव्हर माइकवर आलेले असेल तर काढा.

घरी चाचणी कशी करावी

शांत वेळ निवडा. शहरात ती बहुधा रात्री अकरानंतर मिळते. छताचा पंखा, एसी, कूलर, टीव्ही बंद करा. फ्रीज शेजारीच असेल तर त्याचा कॉम्प्रेसर थांबेपर्यंत वाट पाहा. आता कॉम्प्युटर पूर्ण बंद ठेवून, खेळणाऱ्याचे डोके जिथे असते तिथे फोन धरून एक मिनिट मोजा. हा झाला खोलीचा स्वतःचा आवाज. ही पायरी बहुतेक लोक गाळतात आणि मग रस्त्यावरच्या रिक्षांचा आवाज कॉम्प्युटरच्या नावावर टाकतात.

मग कॉम्प्युटर सुरू करून दहा मिनिटे काहीही न करता राहू द्या आणि पुन्हा मोजा. बऱ्याच ग्राफिक्स कार्डांचे पंखे हलक्या कामात पूर्ण थांबतात, त्यामुळे हा आकडा खोलीच्या आकड्याला चिकटलेला असू शकतो. दुकानात तुम्ही ऐकलेला कॉम्प्युटर बहुधा याच अवस्थेतला असतो, तोही आजूबाजूच्या गोंगाटात.

खरी चाचणी तिसरी. जो गेम घरात सर्वांत जास्त खेळला जातो आणि सर्वांत जड आहे, तो नेहमीच्याच सेटिंगवर किमान अर्धा तास चालवा. घाई करू नका. कूलरचे धातूचे पंख, कॅबिनेटमधली हवा आणि लिक्विड कूलर असेल तर त्यातले पाणी तापायला वेळ लागतो. पाचव्या मिनिटाला गप्प असलेला कॉम्प्युटर पंचविसाव्या मिनिटाला बोलू लागतो. स्पीकर बंद ठेवून कानाच्या जागी एक मिनिट मोजा, मग कॅबिनेटपासून एक मीटरवर, आणि शेवटी जिथे दुसरे कोणी झोपते किंवा अभ्यास करते तिथे. फोन पंख्याच्या झोतात धरू नका. हवा माइकवर आदळली की आकडा खोटा फुगतो.

आता थोडी वजाबाकी. कॉम्प्युटर चालू असतानाचा आकडा खोलीच्या आकड्यापेक्षा १० डेसिबल किंवा जास्त वर असेल तर तो जसाच्या तसा धरा. ६ ते ९ चा फरक असेल तर १ वजा करा, ४ किंवा ५ चा असेल तर २, आणि ३ चा असेल तर ३. त्याहून कमी फरक असेल तर खोलीच गोंगाटाची आहे, मोजणी बाद. उदाहरणार्थ, खोली ३८ आणि खेळताना ४३ आले, तर कॉम्प्युटरचा वाटा सुमारे ४१.

आकडे लिहून झाल्यावर डोळे मिटून दोन मिनिटे नुसते ऐका. आवाज एकसारखा आहे की चढ-उतार होतो? सूर ऐकू येतो का? टकटक किंवा खरखर आहे का? कॅबिनेटवर तळहात ठेवला की आवाज बदलतो का? बदलत असेल तर एखादे झाकण किंवा स्क्रू सैल आहे. नव्या कॉम्प्युटरमध्ये सतत खरखर किंवा टकटक येत असेल तर एखादी वायर पात्याला लागत असण्याची किंवा वाहतुकीत काही हलल्याची शक्यता असते. अशा वेळी वॉरंटीत दाखवा. आवाजाचा छोटा व्हिडिओ आणि तारीख जवळ ठेवा, कारण सर्व्हिस सेंटरच्या गजबजाटात हा आवाज कोणालाच ऐकू येत नाही.

एक गोष्ट महाराष्ट्रात राहणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. कूलर कॉम्प्युटरला खोलीच्या तापमानापेक्षा थंड करू शकत नाही. डिसेंबरात पुण्यात २० अंशांना घेतलेली चाचणी मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरच्या ४४ अंशांना लागू पडत नाही. खोली दहा अंशांनी तापली की आतले भागही साधारण तितकेच तापतात आणि पंखे वेग वाढवतात. उन्हाळ्यात एकदा परत मोजा.

आलेल्या आकड्याचा अर्थ

खेळताना एक मीटरवर ३५ डेसिबलच्या आसपास असलेला कॉम्प्युटर शांत म्हणावा. ४० ते ४५ हा जाणवणारा पण सहन होणारा टप्पा. ५० च्या पुढे गेला तर कॉम्प्युटर गोंगाटी आहे, आणि पैसे मोजून घेतलेल्या नव्या वस्तूबद्दल तक्रार करायला तुम्हाला पूर्ण कारण आहे. हे माझे व्यवहारी टप्पे आहेत, कुठल्या कायद्यातले नव्हेत.

श्रवणहानीच्या दृष्टीने मात्र हे आकडे खूप खालचे आहेत. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांच्या सुरक्षित ऐकण्याच्या मानकानुसार मोठ्या माणसांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल आणि मुलांसाठी ४० तास ७५ डेसिबल ही मर्यादा आहे. ४५ आणि ७५ मध्ये ३० डेसिबलचे अंतर, म्हणजे ऊर्जेत हजारपट फरक. पंख्यांच्या आवाजात दिवसभर बसलात तरी कानाच्या पेशी त्यामुळे मरत नाहीत.

मग हेडफोनची चाचणी का?

कारण कानावर खरा भार तिथून येतो. प्रत्येक कानाच्या शंखात जन्मतः साधारण १५ हजार सूक्ष्म केसपेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या थकतात, पुन्हा पुन्हा थकल्या की मरतात, आणि माणसात त्या नव्याने उगवत नाहीत.

नेमबाजीच्या गेममध्ये जिंकायचे असेल तर शत्रूच्या पावलांचा हलका आवाज ऐकू यावा लागतो. कॉम्प्युटरचे पंखे, डोक्यावरचा छताचा पंखा आणि खिडकीतला कूलर नेमके हे हलके आवाज झाकून टाकतात. खेळणारा पावले ऐकण्यासाठी आवाज वाढवतो. पण वाढवलेला आवाज फक्त पावलांना लागत नाही. त्याच गेममधल्या बंदुका आणि स्फोटही तेवढेच वाढतात, आणि ते आधीच मोठे होते. २०२४ मध्ये बीएमजे पब्लिक हेल्थ या नियतकालिकात व्हिडिओ गेम आणि श्रवणहानी यांवरच्या १४ अभ्यासांचा आढावा आला. त्यात खेळताना क्षणिक आवाज ११९ डेसिबलपर्यंत गेल्याची नोंद आहे आणि गेमिंग सेंटरमधली सरासरी पातळी ८० ते ८९ डेसिबल.

आता हिशेब करून पाहू. ३ डेसिबल वाढले की सुरक्षित वेळ निम्मा होतो. मुलांसाठी ७५ डेसिबलला आठवड्याचे ४० तास, ७८ ला २० तास, ८१ ला १० तास, ८४ ला ५ तास. समजा तुमचा मुलगा रोज तीन तास खेळतो, म्हणजे आठवड्याला २१ तास. हेडफोन ७८ डेसिबलवर असेल तर तो मर्यादेच्या काठावर आहे. खोलीतल्या गोंगाटामुळे त्याने आवाज फक्त ६ डेसिबल वाढवला, तर मर्यादा ५ तासांवर येते आणि तो तिच्या चौपट भार घेतो. ६ डेसिबल म्हणजे कीबोर्डवरचे व्हॉल्यूम बटण काही वेळा दाबणे. त्याला काही मोठा बदल केल्यासारखे वाटणारही नाही.

म्हणून ही दुसरी चाचणी. मुलाचा नेहमीचा हेडसेट फोनला जोडा. फोनवर एखादी बोलण्याची ध्वनिफीत लावा, बातम्या किंवा गोष्ट चालेल, गाणे नको. फोनच्या पडद्यावर व्हॉल्यूमची पट्टी दिसते तिथे कागद चिकटवा, म्हणजे आकडा पाहून हात थांबणार नाही. कॉम्प्युटर आणि खोलीतले पंखे बंद असताना मुलाला सांगा, शब्द आरामात समजतील इतका आवाज लाव. तो किती ठेवला ते तुम्ही लिहून घ्या आणि आवाज शून्यावर आणा. नंतर जड गेम अर्धा तास चाललेला असताना, छताचा पंखा आणि कूलर नेहमीसारखे सुरू ठेवून, तेच पुन्हा करा. शेवटी कूलर बंद करून फक्त कॉम्प्युटर सुरू असताना एकदा. तिन्ही वेळा त्याला आकडा दाखवू नका.

पहिल्या आणि दुसऱ्या वेळी आवाज जवळपास सारखाच असेल तर पंखे कितीही वाजोत, कानांच्या बाजूने चिंता नाही. तीन-चार पायऱ्यांचा फरक असेल तर तिसरा आकडा दोषी कोण ते सांगेल. बऱ्याच घरांत उत्तर अनपेक्षित येते: कॉम्प्युटरवर सगळ्यांचा राग, आणि आवाज वाढवायला लावणारा निघतो खिडकीतला कूलर. फोनची एक पायरी म्हणजे नेमके किती डेसिबल हे फोनगणिक बदलते, पण काही फोन हेडफोनची पातळी डेसिबलमध्ये दाखवतात. तुमच्या फोनमध्ये ती सोय असेल तर जरूर वापरा. हेडफोनच्या आत फोनचा माइक दाबून आवाज मोजण्याचा खटाटोप मात्र करू नका. तो आकडा निरुपयोगी असतो.

हेडसेटची जातही पाहा. ज्याच्या वाट्या बाहेरून जाळीदार आहेत तो बाहेरचा आवाज जवळजवळ पूर्ण आत येऊ देतो. बंद वाट्यांचा, कानाभोवती नीट बसणारा हेडसेट तीच पावले कमी आवाजात ऐकवतो. गोंगाट कमी करणारे हेडफोन, ज्यांना नॉइज कॅन्सलिंग म्हणतात, पंख्याच्या एकसारख्या घोंघावण्यावर सर्वांत चांगले चालतात. मात्र असा हेडफोन लावून आवाज पूर्वीइतकाच ठेवला तर फायदा शून्य.

झोप आणि घरातले इतर

कानांचे झाले. झोपेच्या बाबतीत ४५ डेसिबल लहान आकडा राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शनानुसार झोपण्याच्या खोलीत सतत चालणारा आवाज ३० डेसिबलच्या आसपास असावा आणि अधूनमधून होणारे आवाज ४५ च्या वर जाऊ नयेत. एकसारख्या आवाजाची बऱ्याच लोकांना सवय होते. झोप उडवतो तो चढ-उतार. रात्री गेम डाउनलोड होत असताना किंवा अपडेट सुरू झाल्यावर पंखे अचानक चढतात, मिनिटभराने उतरतात, परत चढतात. एका खोलीत चौघे झोपत असतील तर रात्री कॉम्प्युटर पूर्ण बंद करणे हाच उपाय. डाउनलोड सकाळी होईल.

आजी-आजोबा श्रवणयंत्र वापरत असतील तर त्यांच्यासाठी ही घरघर आपल्यापेक्षा त्रासदायक असते. यंत्र बोलण्यासोबत पंख्याचा आवाजही वाढवते, आणि समोरच्याचे शब्द त्यात बुडतात. त्यांच्याशी बोलताना कॉम्प्युटरवरचा गेम थांबवा. ते यंत्र काढून ठेवतात अशी तक्रार अनेक घरांत असते, तिच्यामागे कधी कधी एवढेच कारण असते.

‘कॉम्प्युटर बंद केला की कानात शिट्टी वाजते’

याचे दोन अर्थ होऊ शकतात आणि ते वेगळे करणे गरजेचे आहे. काहींच्या कानात आधीपासूनच हलका नाद असतो. पंख्याचा आवाज तो झाकतो, आणि पंखा थांबला की तो उघडा पडतो. यात कॉम्प्युटरचा दोष नाही. अशा रुग्णांना आम्ही पूर्ण शांतता टाळायलाच सांगतो. झोपताना हलका छताचा पंखा सुरू असलेला बरा.

दुसरा प्रकार गंभीर. बराच वेळ हेडफोन लावून खेळल्यावर कान भरल्यासारखे वाटतात, बोलणे कापूस घातल्यासारखे ऐकू येते, शिट्टी वाजते, आणि हे सगळे सकाळपर्यंत जाते. ही तात्पुरती श्रवणघट आहे. सकाळी बरे वाटले म्हणून काही झालेच नाही असे समजू नका. कानाने त्या रात्री क्षमतेपलीकडे काम केले होते. आठवड्यात दोनदा असे होत असेल तर पुढच्या वेळेची वाट न पाहता आवाज कमी करा.

आवाज कमी करण्यासाठी

सर्वांत स्वस्त उपाय फ्रेम रेटला मर्यादा घालणे. मॉनिटर सेकंदाला १४४ चित्रे दाखवू शकत असेल तर ३०० चित्रे बनवून उष्णता आणि आवाज यांशिवाय हाती फारसे काही लागत नाही. या एका सेटिंगने कॉइलची शिट्टीही अनेकदा थांबते. मग कॅबिनेट भिंतीपासून वीतभर लांब सरकवा, लाकडी टेबलाच्या बंद कप्प्यातून बाहेर काढा, कानाच्या उंचीवरून खाली आणा, पायांखाली रबराचा तुकडा ठेवा. जमिनीवर ठेवल्यास धूळ जास्त खेचली जाईल, तेव्हा जाळी महिन्यातून एकदा साफ करा. हवा मारून धूळ काढताना वीज बंद ठेवा आणि पाते बोटाने धरून ठेवा. वॉरंटीचे सील असेल तर कॅबिनेट उघडण्याआधी विक्रेत्याला विचारा.

पंख्यांचा वेग सेटिंगमधून कमी करता येतो, पण तापमानावर लक्ष ठेवूनच. कॉम्प्युटर कापडाने झाकणे किंवा जाळीसमोर उशी ठेवणे असले उपाय कृपया करू नका. आतली उष्णता वाढते आणि पंखे आणखी जोरात फिरतात.

गेमच्या आतही एक चांगली सोय असते. नाइट मोड किंवा तत्सम नावाचे सेटिंग मोठे आणि लहान आवाज जवळ आणते. विंडोजमध्येही अनेक कॉम्प्युटरवर लाउडनेस इक्वलायझेशन नावाचा पर्याय मिळतो. पावले ऐकू येतात आणि स्फोट कानावर आदळत नाहीत. मुलांना हे पटवणे सोपे जाते, कारण यात त्यांचा खेळ सुधारतो. ‘आवाज कमी कर’ हे वाक्य ज्या घरात रोज वाया जाते, तिथे हे करून पाहा.

डॉक्टरांना केव्हा दाखवावे

एका कानाने अचानक, काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत ऐकू येणे कमी झाले तर ती तातडीची बाब आहे. मळ असेल, सर्दी असेल असे म्हणत आठवडा घालवू नका. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना भेटा. उपचार लवकर सुरू झाले तर ऐकू येणे परत येण्याची शक्यता जास्त असते. कानात कोमट तेल घालणे, बडने कोरणे, दोन्ही टाळा.

नाद फक्त एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्यांसोबत वाजत असेल, किंवा सोबत चक्कर येत असेल तर वेळ घेऊन दाखवा. मूल टीव्हीचा आवाज पूर्वीपेक्षा मोठा ठेवू लागले, हाक मारल्यावर ‘काय?’ वारंवार विचारू लागले, हेडफोन काढल्यानंतरही मोठ्याने बोलू लागले, तरीही ऐकण्याची तपासणी करून घ्या.

या तपासणीला ऑडिओमेट्री म्हणतात. बंद खोलीत हेडफोन लावून वेगवेगळ्या स्वरांचे हलके आवाज ऐकवतात. वेदना नाही, सुई नाही, अर्ध्या तासाच्या आत होते. मोठ्या आवाजाने झालेले नुकसान बहुधा ३००० ते ६००० हर्ट्झच्या दरम्यान खड्ड्यासारखे दिसते, त्यामुळे हे स्वर तपासले जातील याची खात्री करा. आदल्या संध्याकाळपासून, म्हणजे किमान १४ ते १६ तास, हेडफोन लावू देऊ नका, नाहीतर तात्पुरती घट कायमची समजली जाईल. ही सोय बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत असते, आणि मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. जाताना घरच्या दोन्ही चाचण्यांचे आकडे आणि आठवड्याला किती तास खेळ होतो याचा खरा अंदाज सोबत न्या. मुलाकडून तासांचा आकडा घेताना तो आईसमोर विचारू नका, कमी सांगितला जातो.